छोट्या हॉस्पिटलसाठी सिरिंज पंप: घ्यावा, पण डेमो सिस्टरांनी घ्यावा

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतल्या तालुक्याच्या गावांत दहा-तीस खाटांची जी हॉस्पिटलं आहेत, तिथं आता एक-दोन तरी सिरिंज पंप दिसतात, म्हणजे सिरिंजचा दट्ट्या ठरलेल्या वेगाने ढकलून औषध देणारं यंत्र. बहुतेक ठिकाणी सिंगल चॅनलचा (एका वेळी एकच सिरिंज घेणारा) देशी पंप असतो, साधारण पंचवीस ते चाळीस हजारांच्या पट्ट्यातला. हे परीक्षण त्याच पट्ट्यातल्या पंपाचं आहे. कुठल्या एका कंपनीचं नाव घेत नाही, कारण वॉर्डातल्या रोजच्या वापरात या पंपांचे गुण आणि खोडी जवळपास सारख्याच निघतात.

आमचं मत आधीच सांगतो. पंप घ्यावा. नॉरॲड्रेनलिन (बीपी टिकवणारं), इन्सुलिन, मॅगसल्फ (गरोदरपणातल्या झटक्यांवरचं) ही औषधं सलाईनच्या नळीवरच्या चाकाच्या, रोलर क्लॅम्पच्या, भरवशावर सोडू नयेत. पेशंटने हात वाकवला, कूस बदलली किंवा बाटलीतली पातळी खाली गेली की थेंब बदलतात, आणि रात्रपाळीत दर दहा मिनिटांनी थेंब मोजायला कुणाला सवड नसते. पंपाने ही काळजी मिटते. मात्र पंप औषध तपासत नाही. जी सिरिंज आहे असं सांगाल ती धरून आणि जो आकडा टाकाल त्या वेगाने तो दट्ट्या ढकलत राहतो. म्हणून पंप कसा आहे हे ठरवताना पडद्याची चकाकी बघू नका. सिरिंज बसवताना, बदलताना आणि लाइन अडल्यावर तो सिस्टरला चुकू देतो की अडवतो, ते बघा.

कागदावर हे पंप सारखेच दिसतात: ५ ते ५० मिलीच्या सिरिंजा चालतात, वेग तासाला ०.१ मिलीपासून पुढे, अचूकता साधारण अधिक-उणे २ टक्के, लाइन अडल्याचा अलार्म तीन पातळ्यांचा. त्या २ टक्क्यांच्या मागे एक अट असते, पंपात निवडलेला सिरिंजचा ब्रँड आणि प्रत्यक्ष लावलेली सिरिंज एकच हवी. क्लॅम्प किती उघडला यावरून पंप सिरिंज ५० ची की २० ची एवढं ओळखतो. ब्रँड त्याला कळत नाही, तो आपण यादीतून निवडायचा असतो. सिरिंजचा आतला व्यास ब्रँडनुसार बदलतो आणि जाणारं औषध व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतं. पंपात २७ मिमी व्यासाची सिरिंज निवडली आणि लावलेली सिरिंज २८ मिमीची निघाली, तर साडेसात टक्के औषध जास्त जातं. दोन मिमीचा फरक असेल तर पंधरा टक्के. पडद्यावर मात्र तासाला ५ मिलीच दिसत राहतं.

ही चूक कुणाच्या निष्काळजीपणातून होत नाही. स्टोअरला दुसऱ्या ब्रँडचा स्वस्त लॉट मिळतो, वॉर्डाला कुणी कळवत नाही आणि पंप चालू केल्यावर आधीचाच ब्रँड पडद्यावर येतो. ओके, ओके, स्टार्ट. म्हणून डेमोच्या दिवशी कंपनीच्या माणसाने बॅगेतून आणलेली सिरिंज लावू देऊ नका. आपल्या स्टोअरमधली फोडा. ती यादीत नसेल तर कॅलिब्रेट करून यादीत घालून द्यायला सांगा. तसं करता येत नसेल तर तो पंप आपल्या कामाचा नाही. सिरिंज ल्युअर लॉकचीच (फिरवून घट्ट बसणाऱ्या टोकाची) घ्यावी, साध्या टोकाची दाबाने निसटते.

अचूकता घरच्या घरी तपासता येते आणि हे दर तीन महिन्यांनी करायला हरकत नाही. ५० मिलीच्या सिरिंजमध्ये नॉर्मल सलाईन भरा, लाइन पर्ज करा (पंपाने ढकलून हवा काढा आणि भरून घ्या), तासाला १० मिली लावा आणि तासभर जे येईल ते झाकणाच्या छोट्या बाटलीत गोळा करा. बाटली आधी आणि नंतर डिजिटल काट्यावर ठेवा. १ मिली म्हणजे जवळपास १ ग्रॅम. साडेनऊ ते साडेदहाच्या बाहेर गेलं तर ब्रँडची निवड पुन्हा बघा, तरीही जुळलं नाही तर पंप बाजूला काढा.

आता सिरिंज बसवणं. बॅरलची कड तिच्या खाचेत, दट्ट्याचं बूड ढकलणाऱ्या पकडीत, वर क्लॅम्प. यातलं एक जरी अर्धवट राहिलं तरी घोटाळा होतो, आणि दोन्ही घोटाळे उलट दिशेचे आहेत. बॅरलची कड खाचेच्या बाहेर असेल तर आधी सिरिंजच पुढे सरकते, औषध जात नाही, आणि पडद्यावर मात्र ‘इन्फ्युजिंग’ दिसतं. दट्ट्याचं बूड पकडीत नसेल आणि पंप पेशंटपेक्षा उंच असेल, तर औषध आपल्याच वजनाने खाली ओढलं जातं. ५० मिलीची सिरिंज अशी काही मिनिटांत रिकामी होऊ शकते. चांगला पंप दट्ट्या पकडीत नसेल तर सुरूच होत नाही. डेमोत हे मुद्दाम करून बघा: बूड अर्धवट ठेवा आणि स्टार्ट दाबा. पंप चालू झाला तर त्याला परत पाठवा. आणि पंप स्टँडवर डोक्याइतका उंच लावायची जी सवय आहे ती मोडा. तो पेशंटच्या छातीच्या पातळीला असावा. कमी वेगावर चालणारा पंप नुसता खाली-वर केला तरी औषधाचा झटका जातो किंवा काही मिनिटं औषध जातच नाही.

सुरुवातीचा उशीरही लक्षात ठेवावा लागतो. मीटरभर लांबीच्या बारीक एक्स्टेंशन लाइनमध्ये एक-दीड मिली मावतं. वेग तासाला २ मिली असेल आणि लाइन औषधाने भरून घेतली नसेल, तर पहिला थेंब पेशंटपर्यंत पोचायला अर्धा-पाऊण तास लागतो. सिरिंज बसवल्यावर लाइन पेशंटला न जोडता पंपाच्या पर्ज बटणाने भरा, टोकाला थेंब आला की जोडा. हाताने दट्ट्या दाबून भरलेल्या लाइनपेक्षा हे चांगलं, कारण पंपाच्या यंत्रणेतली ढिलाई त्यातच निघून जाते. फार कमी वेग असेल तर ५० ऐवजी २० ची सिरिंज वापरा. औषध लवकर सुरू होतं आणि लाइन अडली तर अलार्मही लवकर वाजतो.

सिरिंज बदलणं हा या सगळ्यातला सगळ्यात नाजूक वेळ. नॉरॲड्रेनलिनचा परिणाम दोन-तीन मिनिटांत ओसरतो, म्हणजे नवी सिरिंज भरायला गेलेली सिस्टर परत येईपर्यंत बीपी कोसळलेलं असू शकतं. ‘निअर एम्प्टी’ (सिरिंज संपत आल्याचा अलार्म) वाजला की भरायला घेऊ, असं चालत नाही. तो वाजेल तेव्हा नवी सिरिंज भरून, लेबल लावून, दुसऱ्या सिस्टरने तपासून ट्रेमध्ये तयार हवी. बदलताना आधी थ्री-वे (लाइनवरची तीन तोंडांची तोटी) पेशंटच्या बाजूने बंद करा, मग पंप थांबवा, मगच क्लॅम्प उचला. हा क्रम उलटा झाला आणि थ्री-वे उघडा असताना सिरिंज हातात आली, तर अंगठ्याचा नकळत पडलेला अर्धा मिलीचा दाबसुद्धा पेशंटच्या शिरेत जातो. नॉरॲड्रेनलिनचा असा झटका मॉनिटरवर लगेच दिसतो. नवी सिरिंज बसली की थ्री-वे हवेकडे उघडून थेंब येईपर्यंत पर्ज करा, पेशंटकडे वळवा, स्टार्ट करा. मग वेगाचा आकडा मोठ्याने वाचा आणि पुढची दहा-पंधरा मिनिटं दर दोन-तीन मिनिटांनी बीपी बघा. पेशंट जास्त डोसवर असेल तर दुसरा पंप शेजारी तयार ठेवून तो सुरू झाल्यावर पहिला हळूहळू कमी करणं केव्हाही चांगलं. त्यामुळे एकच महागडा पंप घेण्यापेक्षा त्याच पैशांत दोन साधे घ्या, असं आम्ही सांगू.

लाइन अडल्याच्या अलार्मवर फार विसंबू नका. कॅन्युला (शिरेत बसवलेली बारीक नळी) बंद झाली, हात दुमडला किंवा थ्री-वे चुकून बंद राहिला की लाइनमध्ये दाब वाढत जातो आणि ठरलेल्या पातळीला पोचला की अलार्म वाजतो. तासाला २० मिलीवर हे लवकर होतं. तासाला १ मिलीवर, ५० च्या सिरिंजने, अर्धा-पाऊण तासही लागू शकतो, आणि तेवढा वेळ पेशंटला औषध मिळत नसतं. दाबाची पातळी ‘हाय’वर ठेवून अलार्मचा त्रास कमी करायची पद्धत काही ठिकाणी दिसते. तिने हा वेळ आणखी वाढतो. ‘लो’ किंवा मधलीच ठेवा.

अलार्म वाजल्यावर काय करता ते त्याहून महत्त्वाचं. दाबलेलं औषध सिरिंज आणि लाइनमध्ये अडकून बसलेलं असतं. घाईत हात सरळ केला किंवा थ्री-वे उघडला की ते एकदम शिरेत जातं. म्हणून अलार्म आला की आधी थ्री-वे पेशंटच्या बाजूने बंद करून लाइन हवेकडे उघडा, दाब निघू द्या, थेंब-दोन थेंब गॉजवर पडतील. मग कारण शोधा: कॅन्युला, क्लॅम्प, हात. मग पुन्हा जोडा. काही पंप अलार्म आल्यावर दट्ट्या स्वतःहून किंचित मागे घेतात. डेमोत हे विचारा आणि थ्री-वे बंद करून तपासाही. बीपीचा कफ औषध चालू असलेल्या हातावर बांधू नका. दर वेळी कफ फुगला की लाइन अडते आणि सुटला की झटका जातो.

एक सापळा असा आहे की त्यात अलार्म वाजतच नाही. एकाच कॅन्युलावर थ्री-वे लावून एका बाजूने सलाईनची बाटली आणि दुसऱ्या बाजूने पंप, ही आपल्याकडची नेहमीची जोडणी. कॅन्युला अडली तर पंपाचं औषध सोप्या वाटेने वर, सलाईनच्या नळीत चढतं. दाब वाढत नाही म्हणून पंप शांत असतो. थोड्या वेळाने कुणीतरी कॅन्युला फ्लश करतं, म्हणजे जोराने सलाईन ढकलून मोकळी करतं, आणि नळीत साठलेलं सगळं औषध सलाईनबरोबर एकदम आत जातं. सलाईनच्या बाजूला उलट प्रवाह रोखणारा व्हॉल्व्ह बसवला की हे थांबतं. पंप घेताना त्याच बिलात हे व्हॉल्व्ह मागून घ्या.

औषध शिरेच्या बाहेर, मांसात जात असेल तर तेही पंपाला कळत नाही. मांसातला दाब अलार्मच्या पातळीपेक्षा कमीच असतो, त्यामुळे तो निवांत ढकलत राहतो. नॉरॲड्रेनलिनने तिथली कातडी काळी पडून गळू शकते. कॅन्युलावर पारदर्शक ड्रेसिंग लावा, वर पट्ट्यांचे थर देऊ नका, आणि दर तासाला बोट लावून बघा: सूज, गारवा, पांढरेपणा, दुखणं. पेशंट शुद्धीत असेल तर विचारा. दुखतंय म्हटल्यावर ‘औषधच तसं आहे’ असं उत्तर देऊ नये.

डायल्युशनच्या (औषध पातळ करण्याच्या) बाबतीत पंपाचा दोष नाही, पण चुका इथंच जास्त होतात. नॉरॲड्रेनलिनच्या २ मिलीच्या ॲम्प्युलवर बायटार्ट्रेट या क्षाराचे ४ मिग्रॅ छापलेले असतात आणि खाली बारीक अक्षरात प्रत्यक्ष नॉरॲड्रेनलिन २ मिग्रॅ. डॉक्टरांनी ‘४ मिग्रॅ ५० मध्ये’ सांगितलं आणि ते नेमकं कुठलं हे वॉर्डात ठरलेलं नसेल, तर डोस अर्धा किंवा दुप्पट होतो. प्रत्यक्ष नॉरॲड्रेनलिनचे ४ मिग्रॅ ५० मिलीत असतील तर प्रत्येक मिलीत ८० मायक्रोग्रॅम येतात. ६० किलोच्या पेशंटला मिनिटाला किलोमागे ०.१ मायक्रोग्रॅम द्यायचं तर तासाला ४.५ मिली. इन्सुलिनच्या व्हायल आपल्याकडे मिलीला ४० युनिटच्या आणि मिलीला १०० युनिटच्या, दोन्ही मिळतात. ५० युनिट काढायचे तर पहिल्या व्हायलमधून १.२५ मिली आणि दुसऱ्यातून अर्धा मिली. सिरिंजही त्याच मापाची हवी, ४० ला लाल टोपीची, १०० ला केशरी. ५० मिलीत ५० युनिट केलं की १ मिली म्हणजे १ युनिट, गणित सोपं राहतं. इन्सुलिन नळीला चिकटतं, म्हणून सुरू करण्याआधी लाइनमधून २० मिली वाहू द्यावं. मॅगसल्फचं २ मिलीचं ५० टक्क्यांचं ॲम्प्युल म्हणजे १ ग्रॅम. दहा ॲम्प्युल अधिक ३० मिली सलाईन केलं तर तासाला १ ग्रॅमसाठी ५ मिली. इथं पंपापेक्षा गुडघ्याचा झटका (हातोडीने ठोकल्यावर पाय उडतो की नाही), श्वासाची गती आणि लघवीचं माप महत्त्वाचं, आणि मॅगसल्फवरचा उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेटचं १० मिलीचं ॲम्प्युल पेशंटच्या उशाशीच असावं.

हॉस्पिटलचा एकच डायल्युशन तक्ता ठरवा, फिजिशियनची सही घ्या, लॅमिनेट करून पंपाच्या स्टँडला बांधा. डॉक्टर बदलला म्हणून डायल्युशन बदलू नये. पंपात मायक्रोग्रॅम-किलो-मिनिट असा मोड असेल तर आधीच्या पेशंटचं वजन तसंच राहिलं नाही ना, हे बघा. बरेच पंप शेवटचा वेगही लक्षात ठेवतात आणि चालू केल्यावर तोच दाखवतात. ५.० आणि ५० यांतला फरक छोट्या पडद्यावर रात्री सहज चुकतो. म्हणून दोघींनी वेगवेगळं गणित करावं, एकीने केलेलं दुसरीने नुसतं बघू नये. रात्री एकच सिस्टर असेल तर ड्यूटीवरच्या आरएमओंना (निवासी डॉक्टरांना) फोनवर औषध, डायल्युशन आणि वेग वाचून दाखवा आणि वेळेसह लिहून ठेवा.

आता आपल्या भागाचं. भुसावळ-जळगावला मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, वॉर्डात एसी नसतो, वीज जाते. पंपाच्या पत्रकात बॅटरीचे जे तास लिहिलेले असतात ते नव्या बॅटरीचे, तासाला ५ मिली वेगाचे. उष्णतेत बॅटरी लवकर म्हातारी होते. महिन्यातून एकदा पूर्ण चार्ज करून प्लग काढा, सलाईनची सिरिंज लावून तासाला ५ मिलीने चालवा आणि अलार्म येईपर्यंतचे तास पंपाच्या पाठीवरच्या पट्टीवर तारखेसह लिहा. पत्रकाच्या निम्म्यावर आली की बॅटरी बदला. कूलर थेट पंपावर येईल असा ठेवू नका. कूलरच्या तुषारांबरोबर आपल्याकडचं क्षाराचं पाणी येतं, सरकणाऱ्या दांड्यावर पांढरा थर बसतो आणि दट्ट्या अडखळत चालतो. डेक्स्ट्रोजचे थेंब वाळले तरी हेच होतं. पुसायला ओलसर कापड आणि नंतर स्पिरिट लावलेला गॉज, थेट फवारा नको.

धडगाव-मोलगीकडून नंदुरबारला किंवा शिरपूर-साक्रीकडून धुळ्याच्या सिव्हिलला पेशंट पाठवायचा असेल तर पंपाची खरी परीक्षा तिथं होते. घाटात अँब्युलन्स हेलकावते, हुकला टांगलेला पंप झुलतो, आणि पेशंट कमी-जास्त औषध घेत जातो. पंप स्ट्रेचरच्या दांड्याला, पेशंटच्या पातळीला आवळून बांधा. निघण्याआधी सिरिंज नवी भरा आणि भरलेली दुसरी सोबत द्या, बॅटरीचा शेवटचा आकडा बघा. ज्या पंपाची बॅटरी कधी तपासलीच नाही तो प्रवासाला देऊ नका.

अलार्मचा आवाज या पंपांचा चांगला आहे, जनरल वॉर्डाच्या दुसऱ्या टोकापर्यंत जातो. पण ‘सायलेन्स’चं बटण मोठं आणि समोरच असतं. पेशंटजवळचा माणूस ‘सिस्टर, मशीन वाजी ऱ्हायनं’ असं सांगायला येतो तोवर ठीक. दोन रात्रींनंतर तोच बटण दाबायला शिकतो. की-लॉक (बटणं बंद ठेवण्याची सोय) असलेलाच पंप घ्या आणि तो दर वेळी लावा. नातेवाइकांना सुरुवातीलाच सांगा: वाजलं तर बोलवा, हात लावू नका. हँडओव्हर पंपासमोर उभं राहून करा. औषध, डायल्युशन, वेग, किती गेलं, किती उरलं आणि सुई लावलेली जागा, सगळं पडद्यावरून आणि लेबलवरून वाचा, वहीतून नको. लेबल सिरिंजच्या आकड्यांवर चिकटवू नका.

हा पंप कशासाठी नको, तेही सांगतो. साधी सलाईन, रक्त किंवा सर्पदंशाचं एएसव्ही यासाठी तो अडवून ठेवू नका. एएसव्हीच्या पहिल्या दहा व्हायल तासाभराच्या आत सलाईनमधून जातात, तिथं साधा सेट आणि पेशंटजवळ बसलेली सिस्टर पुरते.

खरेदीच्या कागदावर तीन गोष्टी लिहून घ्या. सर्व्हिस इंजिनिअर नाशिकहून येणार की इंदूरहून, आणि किती तासांत. पंप दुरुस्तीला नेला तर बदली पंप किती दिवसांत. आणि वर्षातून एकदा कॅलिब्रेशन, त्याच्या लेखी दाखल्यासह, वॉरंटीनंतरचा दर आत्ताच ठरवून. पंपाने दगा दिला तर सिरिंज, लाइन आणि पंप जसे आहेत तसे बाजूला ठेवा, वेग आणि वेळ लिहून घ्या. भारत सरकारच्या मटेरिओव्हिजिलन्स कार्यक्रमात उपकरणांच्या अशा घटना कळवता येतात, आणि ते सिस्टरही करू शकतात.